परराष्ट्र खात्याची घोंगडी

चादरीवरचा मोर छापलेला नसतो, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. तो विणलेला असतो. आधी साध्या कागदावर मोर काढायचा. मग तो बारीक चौकटींच्या ग्राफवर उतरवायचा. एक चौकट म्हणजे एक धागा. ज्या चौकटीत लाल रंग भरला, तिथला धागा वर उचलला जाणार. मग ग्राफची एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. ओळी जितक्या, पट्ट्या तितक्या. त्या दोऱ्याने एकमेकींना बांधून मागाच्या डोक्यावर चढवल्या, की माग त्या भोकांचं ऐकत राहतो आणि खाली मोर उमटत जातो. एक भोक चुकलं, तर त्या डिझाइनच्या प्रत्येक चादरीवरचा मोर त्याच जागी काणा! ही भोकं पाडणारा तो डिझाइन मास्तर. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी हेच काम केलं आणि त्यातच म्हातारा झालो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची आली. अक्कलकोटकडच्या एका गृहस्थांना मुलाच्या लग्नात वाटायला चादरी हव्या होत्या. नवरानवरीची नावं कन्नड लिपीत. चादरी निम्म्या विणून झाल्या आणि लग्न मोडलं. ते गृहस्थ येऊन शांतपणे म्हणाले, "मुलाचं नाव राहू द्या, मुलीचं बदलून मिळेल का?" एका पुढाऱ्यांना चादरीवर स्वतःचा चेहरा हवा होता. त्यांचं नाक असं होतं, की चादरीच्या रुंदीत त्याला धागे पुरेनात. पण या सगळ्यांच्या वरताण गिऱ्हाईक सत्तरच्या दशकात आमच्याकडे आलं. ते गिऱ्हाईक म्हणजे एक देश होता.

त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. कारण ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे, त्याने माझ्याजवळ काही गोष्टी विश्वासाने बोलून टाकल्या होत्या. डोंगरातला देश, दोन्ही बाजूंना थोरले शेजारी. शाळेच्या नकाशात मी तो शोधायला गेलो तेव्हा त्याचं नाव शेजारच्या देशात लिहून बाण दाखवलेला होता. नाव मावेल एवढी जागाच त्याला नव्हती.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सूत महाग, उठाव कमी, निम्मे माग उभे. अशात मुंबईच्या दलालाचं पत्र आलं. त्या देशाला परदेशात तीन दूतावास उघडायचे होते. प्रत्येकाच्या दिवाणखान्यात भिंतभर पडदा हवा, त्यावर राजमुद्रा विणलेली. शिवाय टेबलांची आच्छादनं. याखेरीज त्यांच्या सैनिकांसाठी चादरी आणि टॉवेल. आमच्या शेठना, व्यंकटय्याशेठना, पत्र मी वाचून दाखवलं. शेठची घरची भाषा तेलुगू, माझी कन्नड, आणि आम्ही आपसात बोलायचो सोलापुरी मराठी. कारखान्यात इंग्रजी येणारा मी एकटा, तेही इंटरपर्यंतचं. शेठनी दोनदा पत्र वाचायला लावलं आणि म्हणाले, "मल्लूमास्तर, फुलं-बिलं ठेव बाजूला. आता राजाचं काम हाय."

दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. राजमुद्रेत एक डोंगर, त्यावर पंख पसरलेला पक्षी, खाली पाण्याची रेघ. पिसानपीस मी ग्राफवर उतरवलं. माझ्या हातून त्याहून बारीक काम आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. भोकं पाडून पट्ट्या तयार झाल्या आणि नमुना पाहायला त्यांचा माणूस सोलापुरात आला.

तो मेजर होता. त्याचं नाव आमच्या मागवाल्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे मेजरसाहेब म्हणू लागले. पन्नाशीचा, ठेंगणा, रुंद चेहऱ्याचा माणूस. अंगात साधा राखाडी कोट, कोपरापाशी रफू केलेला. शेठनी त्याच्यासाठी मोठी व्यवस्था केली होती. पण तो स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये उतरला आणि दुसऱ्या दिवशी चालत कारखान्यात आला. मी त्याला ग्राफ दाखवला. तो वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग पक्ष्याच्या चोचीवर बोट ठेवून म्हणाला, "ही उघडी आहे."

मी म्हटलं, "साहेब, उघडी चोच जिवंत दिसते."

"आमच्या पक्ष्याची चोच मिटलेली असते," तो म्हणाला. "दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये राहणाऱ्याने तोंड उघडं ठेवून कसं चालेल?" आणि तो असा खळखळून हसला, की शेठही न कळता हसले. दोन महिन्यांच्या मेहनतीत चूक निघाली याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या हसण्याने मी त्याचा होऊन गेलो. चोच मिटवायला मला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस तो माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला.

त्यानेच मला सांगितलं, की त्यांच्याकडे परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यावर आहे. शिपाईही एकच. मंत्री एकच, आणि मंत्र्यांच्या हाताखाली दोन्ही खात्यांची खरेदी पाहणारा अधिकारी हा एकटा. सैन्य केवढं? तर आपल्याकडच्या जिल्ह्याच्या पोलिसांत ते सहज मावलं असतं.

"मग तुम्ही लढणार कसे?" मी विचारलं. माझा बावळट प्रश्न.

"लढणार नाही," तो म्हणाला. "आम्ही फक्त तिथे असतो. सीमेवर ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर आमचा माणूस उभा आहे, एवढंच शेजाऱ्यांना रोज दिसलं पाहिजे. ज्या दिवशी ठाणं रिकामं दिसेल, त्या दिवशी ते म्हणतील, इथे कुणीच राहत नाही. तेच आमचं संरक्षण. आणि दूरच्या राजधान्यांत आमचा झेंडा, आमचा राजदूत आहे, म्हणजे आम्ही देश आहोत. ते परराष्ट्र धोरण. दोन्हीसाठी मिळून पैसा एकाच पेटीत असतो. इकडे घातला की तिकडे कमी."

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला सैनिकांच्या चादरी दाखवायला गोदामात नेलं. जाड, दुहेरी विणीची, आमची सर्वांत चांगली चादर. त्याने ती हातात घेतली, गालाला लावली आणि पाणी मागितलं. शेठना वाटलं तहान लागली. त्यांनी घाईने पेला मागवला. मेजरसाहेबाने पेला घेऊन तो सरळ चादरीवर ओतला. पाणी क्षणात आरपार गेलं आणि खालच्या फरशीवर पडलं.

मग तो हळू म्हणाला, "आमच्या ठाण्यांवर ढग उतरतो तो चार-चार महिने हलत नाही. कापूस भिजला की वाळत नाही. गेल्या हिवाळ्यात माझा एक हवालदार गेला. गोळीने नव्हे, आमच्या सैन्यात गोळीने गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. ओल्या पांघरुणात छाती भरून गेला. माझ्याच गावचा होता. लोकरीची ब्लँकेटं बाहेरून घ्यायला गेलो, तर सगळ्या ठाण्यांना पुरतील एवढी परवडत नाहीत."

माझं बालपण सोलापूरजवळच्या वळसंगला गेलं. पावसात रानात राखणीला बसलेल्या वडिलांच्या डोक्यावरच्या घोंगडीवरून पाणी कसं ओघळायचं आणि आत ते कसे कोरडे ठणठणीत असायचे, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी बोलून गेलो, "साहेब, आमच्याकडे मेंढपाळ घोंगडी वापरतात. लोकरीची. तिच्यातून पाणी झिरपत नाही."

त्याने झटकन वर पाहिलं. "तुम्ही विणता?"

"आम्ही नाही. सांगोल्याकडे विणतात."

शेठ मला म्हणाले, "काय म्हणतेत साहेब? तू काय सांगितलास?"

आणि मी खोटं बोललो. म्हटलं, "तिकडच्या पावसाचं विचारत होतो, शेठ."

निम्मे माग उभे असताना मी हातातल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं दार दाखवलं होतं, आणि वर मालकाशी खोटं बोललो होतो. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी शेठच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शेठ ओट्यावर दात घासत होते. चूळ भरून त्यांनी तोंड पुसलं. मी म्हटलं, "काढायचं असेल तर काढा, शेठ."

"काढून काय करू? तुझ्या हाताची भोकं कोण पाडणार?" ते म्हणाले. आणि पुढे: "माझा बाप तेलंगणातनं चालत आला, झोळीत मागाचा धोटा घेऊन. तो सांगायचा, माल चांगला असला तरी चुकीच्या माणसाला विकू नको. मास्तर, तो पहाऱ्यावरचा गडी भिजला तर शिव्या कुणाला देईल? त्याच्या सरकारला देईल? नाही. चादरीला देईल. चादर माझी हाय." तेलुगूत नुसतं "सरे" म्हणाले, म्हणजे बरं. आणि फियाटची किल्ली आणायला आत गेले.

मी पुष्कळ मालक पाहिले. स्वतःच्या खर्चाने, स्वतः गाडी चालवत गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दारी सोडायला गेलेला मालक मी तो एकच पाहिला.

मंगळवेढ्यावरून सांगोल्याला पोचायला आम्हाला दुपार झाली. गावाबाहेर घोंगडी विणणाऱ्यांची एक आळी होती. बिरूतात्या म्हणून एक जाणता कारागीर होता, साठीचा. त्याची बायको गंगूबाई दारात बसून लोकर कातत होती. बिरूतात्या खड्ड्यातल्या मागावर बसला होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, आणि सगळं काम हाताने. मी ज्या मागांवर आयुष्य काढलं त्यांच्यापुढे तो माग म्हणजे चार काटक्या. पण विणलेल्या पट्ट्यावर हात ठेवला आणि मला कळलं, की इतकं घट्ट ठोकलेलं काम आमच्या कारखान्यात होत नाही.

"हे सायब कुटलं म्हनायचं?" बिरूतात्याने विचारलं.

"लांबचे आहेत, तात्या. डोंगरातले."

"डोंगरातलं? मंग मेंढरं असतील की तितं. हितं कशाला आलं घोंगडं बघाया?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. मेजरसाहेब म्हणाला, "शेळ्या आहेत. मेंढी आमच्याकडे जगत नाही. सतत ओल, खूर कुजतात."

मी मराठीत सांगितल्यावर बिरूतात्याने मान हलवली. "खरं हाय. वल्या रानात खूर सडतंय मेंढराचं." तेवढ्यावर त्या दोघांची ओळख पटली. नंतर मी मध्ये नसतानाही ते दोघे काहीबाही बोलत होते. कसं, ते मला माहीत नाही.

विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याचा लगदा करायचा आणि तो कुंच्याने घोंगडीत मुरवायचा. उन्हात वाळली की लोकरीचे केस एकमेकांना धरून बसतात. अशी खळ दिलेली नवी घोंगडी मेजरसाहेबाने डोक्यावरून खोळ करून घेतली, उन्हात उभा राहिला आणि मला म्हणाला, "पाणी ओता."

दाराशी घागर भरलेली होती. मी ती उचलली, तशी गंगूबाई कातायची चाती टाकून उठली.

"आवो, ठिवा ती! टँकरचं पानी हाय त्ये. दोन दिसांनी येतोय टँकर. सायबाच्या डोक्यावर वताया आणलंय व्हय?"

मी घागर खाली ठेवली. मेजरसाहेबाला काय झालं ते सांगितलं, तसा तो शरमला. भर उन्हात खोळ घेतलेला तो माणूस गंगूबाईपुढे हात जोडून उभा राहिला. पण ज्यासाठी आलो होतो ते तर पाहायचंच होतं.

"सांडायचं कशाला?" बिरूतात्या म्हणाला. "चार कोनं धरा की."

घोंगडी पसरली. एक कोपरा मेजरसाहेबाने धरला, एक बिरूतात्याने, एक मी, आणि चौथा शेठनी, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यासदऱ्यात. मध्ये झोळी झाली. गंगूबाईने स्वतःच्या हाताने अख्खी घागर त्या झोळीत ओतली. पाणी मध्ये साचून राहिलं, एखाद्या तळ्यासारखं. आम्ही उभे. वजनाने शेठ घामाघूम झाले, पण कोपरा सोडेनात. आळीतली माणसं जमली. मेजरसाहेब आपला कोपरा त्यांतल्या एकाकडे देऊन गुडघ्यावर बसून खालून बघत होता. चार-दोन थेंब जमले असतील, तेही पडेनात. बऱ्याच वेळाने बिरूतात्या म्हणाला, "झालं का सायब बघून?" मग झोळीचं तोंड करून पाणी पुन्हा घागरीत भरलं. गंगूबाईने घागरीत डोकावून पाहिलं, आत बोट बुडवलं आणि म्हणाली, "हाय तेवढंच हाय."

मेजरसाहेब उठला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. तो हवालदाराचं नाव पुटपुटला, असं मला वाटलं. मग लगेच खात्याचा माणूस झाला. हिवाळ्याआधी किती होतील?

बिरूतात्याने आळीतले माग मोजले, शेजारच्या गावांतले मोजले, दिवस मोजले. "गडी हाईत, हात हाईत," तो म्हणाला. "लोकर न्हाय. दुस्काळात मेंढरं गेली निम्मी. उरली ती लोकं घिऊन लांब गेल्यात."

"लोकर मी बघतो," शेठ म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

परत आल्यावर मेजरसाहेब लॉजच्या खोलीत मंजूर यादी पुढे ठेवून बसला. चादरींवर काट मारली. त्याने भागेना. मग पडद्यांवर आला. तीन दूतावासांचे तीन पडदे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, मला क्षमा करा." दोन पडदे आणि सगळी आच्छादनं त्याने खोडली. एक पडदा ठेवला. टॉवेल ठेवले, ते शेठकडूनच घेणार होता. दोन महिने खपून केलेल्या त्या पट्ट्यांवर आता एकच पडदा विणला जाणार होता. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं.

पण यादी बदलायला मंत्र्यांची परवानगी हवी. आम्ही दोघे मुख्य पोस्टात गेलो आणि तार केली. उत्तर यायला दोन दिवस लागले. मंत्री म्हणत होते, की ठाणी जगाला दिसत नाहीत, दूतावास दिसतो. देशाच्या प्रतिष्ठेत काटकसर नको. तार वाचून मेजरसाहेब पोस्टाच्या पायरीवरच बसला. मी म्हटलं, "साहेब, वरून हुकूम आला, आता तुमच्यावर दोष नाही."

"मंत्री चुकीचं बोलत नाहीत," तो म्हणाला. "तेच तर अवघड आहे. उघड्या भिंतीच्या घरात मोठे लोक पुन्हा येत नाहीत. मी तरुण असतो तर त्यांना मूर्ख म्हणून मोकळा झालो असतो." जरा थांबून त्याने खिशातून पेन काढलं. दुसरी तार त्याने माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिली. तिचा अर्थ असा होता: एका भिंतीवर पडदा लावतो आहे. बाकीच्या दोन भिंती वर्षभर थांबू शकतात. ठाणी थांबू शकत नाहीत. निर्णय माझा, उत्तर मी देईन.

त्यावर जे उत्तर आलं त्यात दोनच वाक्यं होती. मंजूर आहे. जबाबदारी तुमची. मेजरसाहेबाने ती तार नीट घडी घालून आतल्या खिशात ठेवली आणि मला चहा पाजला. आपल्या नोकरीच्या गळ्याला दोरी लागली आहे हे त्याला समजलं होतं आणि तो भजी खात होता. खुर्चीवर बसलेली धीराची माणसं मी ऐकून होतो. असा माणूस पाहिला तो त्या दिवशी.

तो मायदेशी गेला आणि आमची धावपळ सुरू झाली. शेठनी खरोखरच लोकर आणली. राज्याच्या सीमेपलीकडच्या गावांत आठवडी बाजारांतून मी कन्नडमध्ये घासाघीस करत हिंडलो. सांगोल्याची आळी, शेजारची गावं, सगळीकडे माग ठोकत होते. माल तपासून गठ्ठ्यावर शिक्का मारायचं काम शेठनी माझ्यावर सोपवलं.

तिथेच माझ्या हातून घडलं. शेवटच्या खेपेला लोकर कमी पडू लागली होती आणि त्यांच्या शेजाऱ्याच्या बंदराला माल नेणाऱ्या जहाजाची तारीख जवळ आली होती. शेजारच्या एका गावचा गठ्ठा मी वरवर पाहिला, वरची घोंगडी चांगली होती, शिक्का मारला. बिरूतात्याच्या दारात सगळे गठ्ठे एकत्र रचत होतो, तेव्हा गंगूबाईने त्या गठ्ठ्यात हात घातला आणि तोंड वाकडं केलं. तिने मधल्या एका घोंगडीतून धागा उपसला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरला.

"वास घ्या," ती म्हणाली.

लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हा धागा कागदासारखा भुरकन जळून गेला. काळा रंगवलेला सुती धागा होता. अख्ख्या गठ्ठ्यात तीच भेसळ होती. कापसाच्या धंद्यात केस पांढरे होत आलेल्या मला ते कळलं नव्हतं.

"मास्तर," गंगूबाई म्हणाली, "तुमचा शिक्का हाय की ह्यावर."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. मी सोलापूरला येऊन शेठना सांगितलं. ते रागावले, चांगले रागावले, आणि मग माल पुढच्या जहाजाने पाठवायची सोय करायला मुंबईला गेले. ज्याने भेसळ केली होती त्याला बिरूतात्याने आळीपुढे उभं केलं. तो म्हणाला, पोराबाळांना खायला नव्हतं, लोकर संपली होती, काम जाऊ नये म्हणून केलं. बिरूतात्याने त्याला हाकललं नाही. स्वतःच्या वाटणीची लोकर त्याला दिली आणि स्वतःच्या शेजारच्या खड्ड्यात बसवून पुन्हा विणायला लावलं. मी प्रत्येक घोंगडीतला धागा जाळून पाहिला. अजूनही तो वास माझ्या नाकात आहे. माल आठ-दहा दिवस उशिरा गेला, पण चोख गेला.

मग पुढे कितीतरी महिने घोंगड्यांचं काहीच कळलं नाही. पडदा पोचला, टॉवेल पोचले, एवढा खात्याचा कागद आला. शेठचा धंदा टॉवेलांवर सावरला. त्याच दलालाने आणखी दोन ठिकाणची कामं दिली, कारण मेजरसाहेबाने जाताना त्याला शेठबद्दल काही सांगितलं होतं. काय, ते आम्हाला कधी समजलं नाही.

पत्र आलं ते उन्हाळ्यात, माझ्या नावावर. अक्षर मेजरसाहेबाचं. ते मी आधी शेठना वाचून दाखवलं आणि मग सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने सांगोल्याला जाऊन आळीत वाचलं. त्याने लिहिलं होतं, की त्या हिवाळ्यात एकाही ठाण्यावरचा एकही माणूस गेला नाही. आणि पुढे, सहज लिहावं तसं लिहिलं होतं, की एका मोठ्या देशाच्या राजदूताने मेजरसाहेबाच्या देशाच्या दूतावासातल्या उघड्या भिंतीकडे पाहून काहीतरी खोचक विचारलं. ते मंत्र्यांच्या कानावर गेलं. जबाबदारी ज्याने घेतली होती त्याने उत्तर दिलं, आणि आता तो सीमेवरच्या सर्वांत उंच ठाण्याचा प्रमुख म्हणून हे पत्र लिहीत आहे. "मी पसंत केलेला माल आता मीच वापरतो आहे," त्याने लिहिलं होतं. "इतकी चांगली तपासणी कुठल्याच खात्यात होत नाही."

आळीतली माणसं हसली. बिरूतात्या हसला नाही. "मंजे सायबाला शिक्षा झाली," तो म्हणाला.

"झाली," मी म्हटलं.

"आमच्यापायी?"

मी पत्राची घडी करत राहिलो. चांगलं काम केल्याची शिक्षा मिळते हे मला नवीन नव्हतं. पण ते या आळीत, या माणसांना मोठ्याने सांगायची पाळी आली नव्हती. गंगूबाई उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक घोंगडी होती, काळीभोर, मऊ. कोकराची पहिली कातरणी करतात, तिला जावळ म्हणतात. ती लोकर थोडीच निघते आणि रेशमासारखी असते. तिची घोंगडी घरातल्या बाळंतिणीसाठी किंवा देवासाठी ठेवतात, बाजारात येत नाही.

"ही धाडा सायबाला," ती म्हणाली.

ती पाठवायचं शेठनी कबूल केलं. पण परदेशी पार्सलाच्या कागदावर किंमत लिहावी लागते, म्हणून पुढच्या खेपेला मी तिला किंमत विचारली. ती कातत होती, हात थांबला नाही.

"गार वाऱ्यात उबा हाय त्यो मानूस," ती म्हणाली. "त्येला पांगरून घालायचं तर किंमत पुसत्यात व्हय, मास्तर?"

मी सोलापूरला आलो आणि पार्सलाचा कागद पुढे ओढला. आधीच्या सगळ्या गठ्ठ्यांच्या कागदांवर मी खात्याचं नाव, मालाचा प्रकार, नग असं खाली खाली लिहीत गेलो होतो. या वेळी मेजरसाहेबाचं नाव आणि ठाण्याचं नाव लिहिलं, आणि मालाच्या रकान्यात लिहिलं: घोंगडी, एक, जावळाची, विकाऊ नाही.